मुलांची दिशा

रमाकांतचं लग्न ठरलं तशी तुळसा हट्टालाच पेटली. खोली नीट करून घ्यायची, आणि ती पेपरातल्या फेंगशुईवाल्या बाईंकडूनच.

परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली ती. दाराला लागून लोखंडी कॉट, कॉटखाली ट्रंका, समोरच्या कोपऱ्यात मोरी, वर अर्धा पोटमाळा. तुळसा, तिचा नवरा जगन आणि मुलगा रमाकांत अशी तीन माणसं त्यात कशीबशी मावत होती. आता सून येणार.

"अगं आई, सुताराला बोलवू, दोन फळ्या ठोकू, एक पडदा लावू, झालं," रमाकांत म्हणाला. "ती फेंगशुई मोठ्या फ्लॅटवाल्यांची. आपल्याकडे कासव आणून ठेवलं तर त्याने फिरायचं कुठे?"

"तू फोन लाव," तुळसा म्हणाली. "बाकी मी बघते."

दोन हजार तीन साल होतं. लालबागच्या दुकानादुकानांत गल्ल्याशेजारी पोट सुटलेला हसरा बुद्ध येऊन बसला होता, आणि ज्याच्या त्याच्या खिडकीत पितळी नळ्यांची घंटी किणकिणत होती. एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत घर कसं लावावं, कुठल्या दिशेला काय ठेवावं, यावर एक सदर यायचं. वर टिकलीएवढा फोटो आणि खाली नाव, पद्मजा कर्णिक, इंटिरियर डिझायनर. तुळसा ते सदर वर्षभर कापून ठेवत होती. तिला वाचता यायचं ते उतारवयात शिकलेलं, अक्षराला अक्षर लावून. एक रविवारचं सदर वाचायला तिला बुधवार उजाडायचा. रमाकांतला वाटायचं, आईला म्हातारपणी खूळ लागलंय. जगनला ठाऊक होतं. पण तो त्यावर एक शब्द बोलायचा नाही. कात्रणं बाजूला सारून जेवायला बसायचा.

पद्मजा कर्णिक ही त्या दोघांची मुलगी होती.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. गुणवंती नाव, घरात गुणी. जगन गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. महिनाभरात मिटेल असं सगळेच म्हणत होते. पाडवा गेला, पावसाळा आला, घरातली तांब्यापितळेची भांडी एकेक करून गेली. तुळसाचं माहेर वरळी कोळीवाड्यातलं. लग्नानंतर तिने मासळीची पाटी कधी डोक्यावर घेतली नव्हती, ती आता घेतली. पहाटे धक्क्यावरून मासळी उचलायची आणि दादरच्या गल्ल्यांतून दारोदार फिरायचं. रमाकांत तेव्हा तान्हा, पाठीला बांधलेला. गुणी बोट धरून चालायची.

गोखले रोडच्या मागच्या गल्लीत कर्णिक राहायचे. चिंतामणी कर्णिक विम्याच्या ऑफिसात हेडक्लार्क. त्यांची बायको कालिंदी, मूलबाळ नाही. पाटी उतरवायला हात लावायची, आणि पहिलं काय करायची तर गुणीला आत नेऊन वरणभात भरवायची. श्रावणात गुणीला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. सरकारी दवाखान्यात तुळसा तिला मांडीवर घेऊन दिवसभर बसून राहिली आणि डॉक्टर भेटण्याआधीच वेळ संपली. दुसऱ्या दिवशी पाटी न घेताच ती कर्णिकांच्या दारात उभी राहिली. कालिंदीने पोरीला तिच्या कडेवरून घेतलं ते दोन महिने खाली ठेवलं नाही. डॉक्टर घरी आणला, उसाचा रस पाजला, पथ्याचं केलं. पोर वाचली ती त्या घरात.

"संप मिटेपर्यंत राहू दे इथे," कालिंदी म्हणाली होती. तुळसाही तेच म्हणत राहिली. चाळीत कुणी विचारलं तरी तेच. पुढच्या वर्षी शाळेत घालायची वेळ आली आणि दत्तकाचा कागद झाला. जगनने सही केली, तुळसाने अंगठा दिला. शाळेत नाव लागलं पद्मजा चिंतामणी कर्णिक.

पहिल्यांदा तुळसा दर रविवारी जायची. ती निघाली की पोर जिन्यापर्यंत ओरडत यायची, मग दोन दिवस जेवायची नाही. कालिंदीने एकदा डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "तुळसा, थोडं कमी ये गं. तिचे हाल होतात." तुळसा पंधरवड्याने जायला लागली, मग महिन्याने. मग तिने ती गल्लीच सोडली आणि माहीमच्या बाजूला पाटी फिरवायला लागली. संप असा कधी मिटलाच नाही. एक दिवस माणसांनी वाट बघणं सोडलं, एवढंच. जगनला एका सोसायटीत वॉचमनचं काम मिळालं.

तर रमाकांतने फोन लावला आणि गुरुवारी अकराची वेळ ठरली. तो ड्युटीवर गेला. दहा वाजता जगनने शर्ट चढवला.

"कुठे?" तुळसाने विचारलं.

"खाली."

"अवो, ती येतेय."

"म्हणूनच चाललोय. मला नाय जमायचं, तुळसा." तो चपला घालून गेला आणि चाळीच्या मैदानात पिंपळाच्या पारावर जाऊन बसला.

अकराला दोन मिनिटं असताना ती आली. उंच, सडपातळ, खादीचा कुर्ता, खांद्याला मोठी पिशवी. शेजारच्या राधाबाई दारातून वाकून बघत होत्या. तुळसाने त्यांच्यासमोरच दार लोटून घेतलं.

"मी पद्मजा कर्णिक. रमाकांत वैतींनी फोन केला होता."

"या ना मॅडम. बसा."

तुळसाला वाटलं होतं, समोर आली की आपल्याच्याने उभं राहवणार नाही. पण पाय नीट उभे होते. जिवणी जगनची होती. चालताना डावा खांदा थोडा वर उचलायची सवय तुळसाच्या आईची. हे सगळं एका नजरेत दिसलं, आणि मग मुलगी वाकून टेप उलगडायला लागली.

"टोक धराल जरा, मावशी?"

तुळसाने टेपचं टोक धरलं. भिंती मोजून झाल्या. मग पद्मजाने पिशवीतून होकायंत्र काढलं आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"ही कॉट इथून हलवायची," ती कामाच्या आवाजात सांगू लागली. "झोपल्यावर पाय दाराकडे येतात. तसं चालत नाही. माणूस झोपलेला असताना त्याला दार दिसलं पाहिजे, पण तो दाराच्या रेषेत नको. आणि वर बघा, तुळई आहे. तुळईखाली झोपलं की छातीवर दडपण राहतं. कोण झोपतं इथे?"

"हे झोपतात. रमाकांतचे बाबा."

"त्यांना दम लागतो?"

"लागतो. गिरणीतला कापूस छातीत गेलाय ना."

पद्मजाने वहीत लिहिलं. "कॉटखालच्या ट्रंका काढा. खाली मोकळी हवा खेळली पाहिजे. नव्या जोडीला पोटमाळा नीट बांधून देऊ, कठडा करू, शिडीऐवजी पायऱ्यांचा खण, म्हणजे त्यात कपडे राहतील. जागा लहान असली की एका वस्तूने दोन कामं करायची."

ती हुशार होती. फळीचा इंच न इंच तिच्या डोक्यात होता. तुळसा ऐकत होती आणि तिला शब्द कळत नव्हते, नुसता आवाज कळत होता. हा आवाज घरातून गेला तेव्हा त्याला र म्हणता येत नव्हता.

"आता प्रत्येकाचा अंक काढावा लागतो, त्यावरून डोकं कुठल्या दिशेला करायचं ते ठरतं. जन्मतारखा सांगा."

तुळसाने रमाकांतची सांगितली. स्वतःची ठाऊक नव्हती, जगनची अंदाजाने.

"मुलं किती तुम्हाला?" पद्मजाने वहीतून मान वर न काढता विचारलं.

"दोन."

"दुसऱ्याची तारीख?"

खाली कुणीतरी नळावर बादली आपटली. तुळसाने पदराने ओठ पुसले.

"तारीख नाय सांगता येत. अठ्ठ्याहत्तर साल. नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी."

पेन वहीवर टेकलेलं होतं ते तसंच राहिलं. पद्मजाने अंक काढला नाही. होकायंत्र उचलून ती मोरीच्या भिंतीशी गेली आणि पाठमोरीच बोलू लागली. "ही पश्चिम. पश्चिम ही मुलांची दिशा धरतात. तिथे मोरी आली, पाणी सारखं वाहून जात राहिलं, की..." ती थांबली.

"की काय?"

"की मुलं घरात टिकत नाहीत, असं म्हणतात."

मग पद्मजा वळली. "आडनाव ऐकलं तेव्हाच कळलं होतं मला. परळ, वैती. कागदावर आहे ना. मी सहकाऱ्याला पाठवू शकले असते."

तुळसाला 'गुणी' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "पाणी देऊ?"

"नको. मला एक विचारायचंय, तेवढं खरं सांगा." ती कॉटच्या कडेवर बसली. "आई म्हणते, तुम्ही सगळं समजून-उमजून दिलंत मला. मला ते कधी पटलं नाही. लहान असताना मी स्वतःलाच एक गोष्ट सांगायचे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. शाळेचा कागद आहे असं सांगून आई-बाबांनी तुमचा अंगठा घेतला, आणि तुम्ही मला शोधताय. कित्येक वर्षं सांगायचे रोज. आईशी भांडण झालं की तर हमखास. एकदा मी तिला तोंडावर चोर म्हटलं होतं." तिने वर पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं का, तो कागद कसला आहे?"

एक शब्द पुरला असता. नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर ही मुलगी उठून गळ्यात पडली असती. तुळसाला ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं, ती त्याच शब्दाची वाट बघत होती. आणि तुळसाला कालिंदी दिसत होती. कावीळ झालेल्या पोरीच्या उशाशी बसलेली, केस न विंचरलेली. कागद हातात धरून सावकाश वाचणारी, वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचणारी. 'तुळसा, घाई करू नको. घरी जाऊन विचार कर. तू नाही म्हणालीस तरी मी तिला शाळेत घालीनच.' असं म्हणाली होती ती माऊली.

"माहीत होतं," तुळसा म्हणाली. "वहिनींनी दोनदा वाचून दाखवला. चार दिवस विचार करायला दिले. मी पाचव्या दिवशी अंगठा दिला. त्यांना चोर म्हणू नकोस, बाय."

पद्मजाने मान खाली घातली. तशीच ती म्हणाली, "मग मीच का? दोघं होतो ना आम्ही?"

"तो अंगावर पीत होता. तुला भात लागायचा," तुळसा म्हणाली. "भात नव्हता घरात."

"आणि नंतर? नंतर तर होता."

"नंतर एकदा आले होते. तुझ्या शाळेच्या दाराशी. तू दुसरीत असशील. वहिनींचा हात धरून उड्या मारत चालली होतीस, काहीतरी सांगत होतीस त्यांना, आणि हसत होतीस. मी म्हटलं, आता कशाला."

"हाक मारायची होतीत," पद्मजा म्हणाली. "मी त्या शाळेच्या दारात रोज बघायचे. तुम्ही त्या एका दिवशी आलात आणि मी नेमकी हसत होते." तिने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. "हाक मारायची होतीत तुम्ही."

तुळसा पुढे झाली. हात तिच्या डोक्यापर्यंत गेला तशी मुलगी अंग आक्रसून उठली. मुद्दाम नव्हे, अनोळखी माणसाने हात लावला की होतं तसं. ते तिलाही कळलं. "सॉरी," ती पुटपुटली.

मग तिने टेप गुंडाळला. होकायंत्र पिशवीत टाकलं. दाराशी गेल्यावर कामाचा आवाज परत आणत म्हणाली, "मोरी हलवता येणार नाही, नळ तिथेच आहे. जाळीवर झाकण ठेवत जा, आणि भिंतीला पांढरा रंग द्या. नकाशा पाठवते."

"तू येशील ना काम बघायला?"

"सुतार चांगला आहे आमचा," पद्मजा म्हणाली आणि चपला घालून निघाली.

तुळसा गॅलरीत धावली. खाली पारावर जगन बसला होता. मुलगी त्याच्या पुढ्यातून गेली. तो उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली, एखाद्या साहेबापुढे राहावं तसा. तिने त्याच्याकडे पाहिलं की नाही ते वरून दिसलं नाही. ती फाटकाबाहेर गेली तरी तो बराच वेळ तसाच उभा होता.

संध्याकाळी रमाकांतला सांगावंच लागलं. त्याला दादरला एक बहीण होती, ती दत्तक गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं. तो आधी चिडला. "मला न सांगता मलाच फोन लावायला लावलास?" मग रडला. लग्नाची पत्रिका घेऊन तो स्वतः दादरला गेला. पद्मजाने दार उघडलं, आत बसवलं, सरबत दिलं, पत्रिका दोन्ही हातांनी घेतली. जमवते, म्हणाली.

आठवड्याने कुशाबा नावाचा सुतार नकाशा घेऊन आला. स्वच्छ रेघांचा, प्रत्येक फळीचं माप लिहिलेला. कुशाबाने पंधरा दिवसांत खोली पालटून टाकली. कॉट तुळईखालून निघाली. पोटमाळ्याला कठडा आला, पायऱ्यांचे खण आले, दारामागची अडगळ गेली. चाळीतली माणसं बघायला येऊ लागली. राधाबाई म्हणाल्या, "खोली केवढी मोठी वाटायला लागली गं!" जगन नव्या जागी झोपू लागला. त्याचा दम काही कमी झाला नाही, पण त्याला आता पडल्या पडल्या दार दिसायचं.

लग्न नायगावच्या हॉलमध्ये झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. तुळसा विहिणींशी बोलताना सारखी दाराकडे बघत होती. शेवटची पंगत बसल्यावर रमाकांत तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "आई, जेवून घे आता." तिने जेवून घेतलं. पद्मजा आली नाही. रविवारचं सदरही पुढे काही महिन्यांनी बंद झालं.

दोन वर्षांनी पेपरात कालिंदी कर्णिकांच्या निधनाची बातमी आली. रमाकांतने वाचून दाखवली. तुळसा चौथ्या दिवशी भेटायला गेली, एकटी. गल्लीत शिरताना पाय आपोआप मागच्या जिन्याकडे वळले, पाटी घेऊन ती त्याच जिन्याने चढायची. मग तिने पदर सारखा केला आणि पुढच्या दाराने गेली.

घर माणसांनी भरलं होतं. चिंतामणी खुर्चीत बसले होते, अगदी वाळून गेलेले. त्यांनी तुळसाला ओळखलं. खुर्चीचे हात धरून ते उठायला लागले, तशी तिने लांबूनच मान हलवून त्यांना बसवलं. पद्मजा भिंतीशी सतरंजीवर होती. रडून रडून चेहरा सुजलेला. आईवेगळ्या झालेल्या मुलीचाच तो चेहरा होता. तुळसा तिच्यासमोर बसली. काय बोलावं ते तिने येताना ठरवलं होतं, ते आता आठवेना.

"फार जीव होता त्यांचा तुझ्यावर," ती म्हणाली.

पद्मजाने मान हलवली. शेजारी बसलेल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "या कोण गं?"

पद्मजाने तुळसाकडे पाहिलं. क्षणभर तिचे ओठ हलले. मग ती म्हणाली, "तुळसामावशी. पूर्वी आमच्याकडे मासे घेऊन यायच्या. आईचा फार विश्वास होता यांच्यावर."

"हो का," बाई म्हणाल्या आणि थोडं सरकून तुळसाला भिंतीला टेकायला जागा दिली.

तुळसा अर्धा तास बसली. शेजारून चहा आला, तिला कुणी विचारलं नाही. फोटोला नमस्कार केला आणि निघाली. जिन्यापर्यंत कुणी आलं नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं.

घरी पोचली तेव्हा सून मासळी साफ करत होती आणि जगन कॉटवर पडून होता. तो तिची वाटच बघत होता.

"होती?"

"होती."

"बोलली?"

"बोलली. चहा घेणार का विचारलं. शेजारून आला होता."

"घेतलास?"

"घेतला," तुळसा म्हणाली. तिने चपला जागेवर ठेवल्या आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. जगनने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो उठला, दम खात खात मोरीशी गेला आणि तिच्या हातात पंचा दिला.